सूर्य पाठीशी घेतलेला माणूस

मधू,

उद्या तुझा तेरावा. काळाचौकीहून जेवायला किती पानं धरायची, असं तुझ्या आईने, माईंनी, सकाळी विचारायला पाठवलं होतं. मी ‘एक’ असं सांगितलं. चार वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर आमच्या चाळीतनं वीस-पंचवीस माणसं गिरगावात उतरली असती. वर तू म्हणाला असतास, ‘बाबल, मासे नसले तरी जेवतात का रे तुमच्याकडची माणसं?’ पण अकरा दिवसांपूर्वी तुला चंदनवाडीला नेलं, तेव्हा आमच्यातला मी एकटाच होतो. खांदाही उसन्या माणसासारखा दिला, आणि माईंच्या समोर न जाता बाहेरच्या बाहेर परत आलो.

मी गॅलरीत बसून हे लिहितोय. खाली मंडळाची माणसं बांबूंना दिव्यांच्या माळा गुंडाळताहेत. राज्य येणार आहे, मुंबईसकट. सकाळपासून कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारतंय. सगळे खुशीत आहेत आणि मी उन्हाकडे बघत बसलोय. कारण आज ऊन उतरायच्या आत मला आक्काला एक गोष्ट सांगायची आहे. ती गोष्ट चार वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

या चाळीत तुझं नाव निघालं की बायका अजून थुंकतात. त्यांच्या लेखी तू आमच्या भावोजींना, आक्काच्या नवऱ्याला, तुझ्या फिल्ममधून पोलिसांच्या हाती दिलंस. हे खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक गेला. उरलेला चार वर्षं दातखीळ बसल्यासारखा गप्प आहे.

पेपरात तुझ्यावर तीन ओळी आल्या. जन्म, धंदा, आजार. वाचून वाटलं, हा कोण दुसराच कॅमेरामन वारला असावा. तुझं मी सांगतो. तुला ते आवडणार नाही, पण आता तुला उठून माझ्या हातातली पेन्सिल काढून घेता येत नाही.

आपली ओळख भांडणातून झाली. दादरच्या स्टुडिओच्या मागच्या आवारात एका बाईचा क्लोजअप घ्यायचा होता आणि दिग्दर्शक म्हणत होता, सूर्य तिच्या तोंडावर घ्या. सगळे तसंच घ्यायचे. तू कॅमेऱ्यावरचं काळं फडकं झटकलंस आणि म्हणालास, “तोंडावर ऊन आलं की माणूस डोळे बारीक करतो. आणि डोळे बारीक केलेला माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. सूर्य तिच्या पाठीमागे जाऊ दे. केसांच्या कडा पेटल्या पाहिजेत.”

दिग्दर्शक म्हणाला, “आणि चेहरा? तो कोळशासारखा येईल त्याचं काय?”

“चेहऱ्याला उजेड हा देईल,” असं म्हणून तू माझ्याकडे बोट केलंस.

तोवर मी नुसता फळी उचलणारा गडी होतो. लाकडाची फळी, तिच्यावर चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवलेला. तिच्यावर ऊन घ्यायचं आणि परतवायचं, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी तू मला शिकवलंस की फळीवरचा उजेड माणसाच्या गालावर कसा ठेवतात. “श्वास धरून ठेव बाबल. तुझा श्वास तिच्या गालावर दिसतोय.” मी पाहिलं आणि खरंच दिसत होता. मी श्वास सोडला की तिच्या गालावरचा उजेड हलायचा. त्या बाईने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पण माझा श्वास तिच्या तोंडावर होता. घरी येऊन हे आक्काला सांगितलं, तर तिने मला लाटण्याचा धाक दाखवला.

मग तू आमच्याकडे यायला लागलास. गिरगावातलं जुनं घराणं तुमचं. माई म्हणायच्या, सात पिढ्या सावलीत बसून कारकुनी केली, हा एकटाच उन्हात गेला. तू आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत मांडी घालून बसायचास, आणि आक्काच्या हातची बांगड्याची आमटी अशी ओरपायचास की भावोजी म्हणायचे, “मधूशेट, ताटाचा पितळ तरी ऱ्हवांदेत.” भावोजी मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. आवाजात राहून राहून त्यांना घरातसुद्धा ओरडून बोलायची सवय. दर रविवारी त्यांचं एकच मागणं असायचं.

“त्या बायकांची तोंडा चकाकवतास, एकदा आमचा पण काडा की! लग्नातसुदीक फोटू निगलो नाय आमचो.”

तू म्हणायचास, “काढतो. आधी मिशीला तेल लावून या.”

आक्का आतून हसायची. हे हसणं मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर ते फारसं ऐकलं नाही.

तुझ्या डोळ्यांचं मला कधी कळलं ते आता नेमकं आठवत नाही. तू सूर्य भिंगातून थेट बघायचास. गळ्यात काळ्या काचेचा तुकडा होता, पण तो शोभेला. “काचेतून सगळंच काळं दिसतं, मग कळणार काय?” असं तुझं उत्तर. आक्काने तुला एकदा बजावलं होतं, “देवाक असा टक लावन बगूचा नसता, मधू. तो पण मगे आपल्याक बगता.” तू हसण्यावारी नेलंस.

मग तू चहाचा कप उचलताना कपाच्या शेजारी हात टाकायला लागलास. रंगपटातल्या माणसाला दिग्दर्शक समजून नमस्कार केलास, आणि सगळे हसले म्हणून तूही हसलास. बोलताना तू माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कानाकडे बघायचास. एकदा चिंचपोकळीच्या पुलावर मी तुला धरलंच. तू कठड्याला टेकलास आणि म्हणालास, “जिकडे बघावं तिकडे मधोमध काळा ठिपका. बाजूचं सगळं दिसतं. तुझी टोपी दिसते, कान दिसतो. तू दिसत नाहीस. निगेटिव्हमध्ये सूर्य काळा येतो ना? तसला एक माझ्या डोळ्यांत राहून गेलाय, बाबल.”

मी डॉक्टर म्हटलं. तू म्हणालास, झाला दाखवून. भाजलंय ते भाजलंय, आता नवीन कातडी यायची नाही. मग माझा दंड दाबून म्हणालास, “कुणाला बोलू नकोस. चेहरे न दिसणाऱ्या माणसाला क्लोजअप कोण देणार?”

मी कुणाला बोललो नाही. त्या दिवसापासून मी फळी धरायचो आणि ओठ न हलवता तुला सांगत राहायचो. डोळे मिटले. आता वर बघतेय. हसली. आणि तू त्या बोलावर कॅमेरा चालवायचास. लोक म्हणत, मधूची नजर काय आहे! मला गुदगुल्या व्हायच्या. आपण किती धोक्याचा खेळ खेळतोय हे त्या गुदगुल्यांत कळलंच नाही.

पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

चार वर्षांपूर्वीच्या त्या थंडीत मुंबई मागणाऱ्यांवर गोळीबार होऊन गेले होते. परळ-लालबागला भर दुपारी दुकानं बंद, आणि फळ्यांच्या फटीतून डोळे. रस्त्यावर दगड पडलेले असत आणि ते उचलायला कुणी धजत नसे, कारण उचलणाऱ्याच्या हातात दगड दिसला असता. चाळीत माणसं हळू बोलायला शिकली होती. फक्त भावोजींना ते जमत नव्हतं. ते मोर्चात सगळ्यांत पुढे असायचे आणि त्यांची घोषणा तीन चाळी ओलांडून यायची. आक्का दार लावून घ्यायची आणि देवापुढे बसायची.

तुला चळवळीतल्या एका माणसाने सांगितलं होतं, चौपाटीवरच्या सभेची छोटी फिल्म करून दे, गावोगाव दाखवू. तू आदल्या दिवशी मला समजावलंस. “सगळं सूर्याकडे कॅमेरा करून घ्यायचं. लाखभर माणसं दिसली पाहिजेत, पण ओळखू एकही येता कामा नये. नुसते आकार. पोलिसांना गेल्या आठवड्यातल्या दगडफेकीसाठी चेहरे हवे आहेत. आपल्याकडून एकही जायचा नाही. उद्या फळीचं काम नाही. तू नुसता माझ्या बाजूला उभा राहा, पायाखाली बघायला.”

मी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी दादरला काम होतं, आणि मी तिथूनच परस्पर चौपाटीवर आलो, काखेत फळी घेऊन. तू विचारलंस, “हे कशाला?” मी म्हटलं, “ठेवू कुठे?” तू कोपर पुढे केलंस.

सूर्य मलबार हिलच्या टोकाकडे कलत होता. वाळूत पाय ठेवायला जागा नव्हती. तू चावी भरलीस, कॅमेरा खांद्याला लावलास आणि थेट सूर्यात शिरलास. मी तुझ्या कोपराला धरून चालत होतो. समोर काळी माणसं, त्यांच्या केसांना, टोप्यांना, उचललेल्या मुठींना सोन्याची किनार. इतकी माणसं आणि एकालाही तोंड नाही. मला एकदम भीती वाटली, मधू. वाटलं, ही सगळी आत्ताच कुठेतरी निघून गेलेली आहेत आणि मागे नुसते आकार उरलेत.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “बाबल! अरे बाबल!”

भावोजी होते. लालबागहून चालत आलेले, घामेजलेले. कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभे. मागे बरोबर सूर्य. मिशीला खरोखर तेल होतं. “ह्यो बघ, मधूशेटचो कॅमेरो! आज तरी काडा आमचो!”

तू आवाजाच्या दिशेने वळलास. कॅमेरा चालूच होता. मी पाहिलं तर भावोजींच्या केसांची कड पेटली होती, अगदी त्या दादरच्या बाईसारखी, आणि चेहरा मिट्ट काळा. इतकी वर्षं मी परक्या बायांची तोंडं उजळली. आमच्या घरातल्या एका माणसाचं तोंड उजळायची वेळ आली, तर ते काळं जाऊ द्यायचं? मी विचार केला असं म्हणता येत नाही. हाताने केलं. फळी वर गेली, ऊन तिच्यावर आलं, आणि भावोजींचं तोंड उजळलं. ते माझ्याकडे बघून हसले. मी श्वास धरून ठेवला. उजेड जरासुद्धा हलला नाही.

चार-पाच सेकंद. मग चावी संपली आणि कॅमेरा थांबला. तू पुन्हा चावी भरायला लागलास. मी फळी खाली घेतली आणि माझी मीच समजूत घातली की त्याला कुठे दिसतंय.

ज्याच्यासाठी फिल्म केली, त्याच्या कचेरीतून प्रिंट उचलली गेली. पोलिसांनी ती लावून पाहिली असेल तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, याचा विचार मी चार वर्षं करतोय. पडदाभर काळी माणसं आणि त्यांत एकच उजळ चेहरा. सभेत भावोजींनी काहीच केलं नव्हतं. पण दगडफेकीसाठी चेहरे हवे होते आणि चेहरा एकच मिळाला.

सकाळी पाण्याच्या वेळी आले. भावोजी पंचा नेसून बादली घेऊन नळाच्या रांगेत होते, मी त्यांच्या मागे दोन माणसं सोडून. साध्या कपड्यातल्या एकाने घडी घातलेला फोटो उघडला, भावोजींकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मला तो फोटो दिसला. मिशीचा केस न् केस दिसत होता. फार चांगला शॉट होता रे. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला. भावोजी त्यांना म्हणाले, “पाणी भरून देवंदे घराक,” आणि त्यांनी भरू दिलं नाही. ती बादली मी भरून वर नेली.

तिसऱ्या दिवशी तू आलास. जिना चढून, भिंतीला हात लावत. गॅलरीत सगळी चाळ जमली. तू एवढंच म्हणालास, “चूक माझ्याकडून झाली.” कसली, ते सांगितलं नाहीस. चाळीला तेवढं पुरलं. ‘चूक झाली’चं ‘विकलं’ व्हायला वेळ लागत नाही. आक्का पुढे आली आणि म्हणाली, “खाल्ल्या घराचे वासे मोजलंस रे!” कुणीतरी तुझी कॉलर धरली. कुणी म्हणालं, पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडं मोडू.

तू माझ्याकडे वळलास. माझ्या कानाकडे बघितलंस. मी पायातल्या चपलेचा अंगठा बघत राहिलो. एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. ‘मी.’ फार तर, ‘फळी मी धरली.’ तीन शब्द. तू तसाच भिंतीला हात लावत जिना उतरलास, आणि एक पायरी चुकलास. त्याला लोक हसले.

मी स्टुडिओ सोडला आणि परळच्या एका छापखान्यात लागलो. फळी परत केली नाही. आक्काने ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली आहे. रोज सकाळी पाणी घेताना मी ती उचलतो आणि चंदेरी बाजू खाली करून ठेवतो.

भावोजी आठ महिन्यांनी सुटले. मिलमध्ये त्यांच्या साच्यावर दुसरा माणूस होता. घरात ते हळू बोलायला लागले होते, आणि ते ऐकवत नव्हतं. एक दिवस म्हणाले, गावाक जाऊन येतंय. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना त्यांना आमच्यातल्या दोघांनी पाहिलंय. उतरताना कुणीही पाहिलेलं नाही. आक्का अजून कुंकू लावते. लावताना आरशात बघत नाही.

मग तो माणूस दिसायला लागला. महिन्यातून एक-दोनदा, संध्याकाळी, गल्लीच्या पश्चिमेच्या तोंडाशी. सूर्य बरोबर पाठीमागे, त्यामुळे तोंड कधी दिसायचं नाही, नुसता काळा आकार. बायका म्हणायच्या, सीआयडी आहे. पुन्हा कुणालातरी न्यायला आलाय. तो दिसला की गॅलरीतले कपडे ओढले जायचे आणि दारं लागायची. बायका एकमेकींना दबक्या आवाजात सांगायच्या, “काळो इलो.” एकदा आक्काने त्याच्या दिशेने भरलेली बादली ओतली. ज्या चाळीत तांब्याभर पाण्यावरून डोकी फुटतात तिथे अख्खी बादली! पाणी पोचलं नाही. तो माणूस हललाही नाही.

त्या माणसाचा उजवा खांदा किंचित उतरलेला होता. वर्षानुवर्षं कॅमेरा वाहिलेला खांदा. मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी आत जाऊन दाराला कडी घातली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, तू माझ्यासाठी येतोस. सगळ्यांदेखत नाव घ्यायला.

तू इस्पितळात आहेस हे कळूनही भेटायला यायला मला आठ दिवस लागले. तू मला पावलांवरून ओळखलंस. “फळीवाले, बसा.” मी म्हटलं, “गल्लीच्या तोंडाशी का उभा राहायचास?” तू उशीखालून तपकिरीची डबी काढलीस. “हे द्यायला. प्रिंट त्यांनी नेली. निगेटिव्ह माझ्याकडे होती, ती जाळली. भावोजींची एवढी आठ चित्रं ठेवली. तुझ्या आक्काकडे त्यांचा दुसरा फोटो नाही ना? दर वेळी खिशात घेऊन यायचो. जिना चढायचं धैर्य झालं नाही.”

“पण तोंड लपवून कशाला?”

“लपवून नाही रे. सवय. सूर्य कुठे आहे ते मला अंगाला कळतं, माणसं कळत नाहीत. पाठ उन्हाकडे केली की समोर तुमची चाळ, एवढं माहीत होतं.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “मधू, त्या दिवशी चौपाटीवर...” आणि तू म्हणालास, “चहा सांग.” तू मला सोडवलंस की गप्प बसवलंस, हे मला कळलं नाही, आणि आता तू सांगणार नाहीस.

दोन दिवसांनी ताप चढला. माई पायाशी बसल्या होत्या. भर दुपार होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तू एकाएकी अगदी स्वच्छ आवाजात म्हणालास, “बाबल, फळी खाली घे. चेहरा दिसतोय.”

माई म्हणाल्या, “भ्रमात आहे. शूटिंग चाललंय त्याचं.”

मी उठून खिडकी लोटली. तुला ते चौपाटीवरच दिसलं होतं का? ठिपक्याच्या कडेने उजेड आलेला कळला होता आणि शॉट सोडवला नाही? की पुढे प्रिंट बघून कुणी सांगितलं, आणि मग तू चार वर्षं तेच एक वाक्य मनात म्हणत राहिलास? काहीही असो. एकदा तोंड उघडायचं होतंस. मला शिव्या घालायच्या होत्यास. तुझा हा मोठेपणा माझ्या मानेवर बसलाय, आणि मला तुझा रागही येतो, हे आज सांगून टाकतो.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा चार वाजले होते. आक्का आतून सूप घेऊन गॅलरीत आली आणि तांदूळ निवडायला बसली. मी वही मिटली आणि सांगितलं. सगळं, या क्रमानेच.

तिचे हात थांबले नाहीत. मी ‘फळी’ म्हटलं तेव्हा थांबले. मी बत्तीस वर्षांचा घोडा, पण तिने उठून माझ्या थोबाडीत मारली. सूप लवंडलं. शेजारणी दारात आल्या आणि तिच्याकडे बघून आत गेल्या.

“माका सांगूक जीभ झडली होती तुझी? करून गेलो गाव आणि कांदळगावचा नाव! तो पोर माझ्या दारात उभो रवलो, आणि मी...” मग तिला दुसरं काहीतरी सुचलं आणि आवाज खाली आला. “तो काळो... तो मधू होतो?”

“हो.”

“मी तेच्यार पाणी ओतलंय, बाबल.”

ती भिंतीला टेकून रडली. भावोजी गेल्यावरसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तांदूळ गोळा करत राहिलो. मग डबी तिच्या पुढे ठेवली. तिने फिल्मचा तुकडा दोन बोटांत धरला, उलटसुलट केला आणि सरळ कठड्याशी जाऊन सूर्याकडे उचलला.

“नको!” मी ओरडलो. तुझे डोळे आठवले. “सूर्याकडे नाही बघायचं. थांब.”

मी आत जाऊन पिंपावरची फळी आणली. चंदेरी कागद सुरकुतलाय, कोपऱ्यात निघालाय, पण मधला भाग धड आहे. पुसली, कठड्यावर टेकवली, आणि पश्चिमेचं ऊन तिच्यावर घेतलं. मऊ उजेड आला. म्हटलं, “आता ह्याच्यासमोर धर.”

तिने धरलं. एकेक चित्र डोळ्यांजवळ नेलं.

“तोंड काळा कित्या दिसता?”

“उलटं असतं आक्का. काळं ते उजळ. तो काळा गोळा सूर्य. बाकीच्या माणसांवर उजेड नव्हता, म्हणून ती काचेसारखी रिकामी दिसताहेत.”

“म्हंजे ह्या तोंडार हा तो उजेड...”

“माझा.”

तिने मान हलवली. रागाने नाही आणि मायेनेही नाही. “मिशी तशीच हा. हसता काय रे तो?”

“हसले होते. माझ्याकडे बघून.”

फळीवरचा उजेड तिच्या बोटांवर हलत होता. ती म्हणाली, “नीट धर,” आणि मी श्वास धरून ठेवला. सूर्य समोरच्या चाळीमागे जाईपर्यंत ती बघत होती. खाली माळा लावणाऱ्यांनी एकदा सगळे दिवे पेटवून पाहिले आणि विझवले.

“ह्याचो फोटू होतलो?”

“गिरगावात करून देतील.”

“मगे उद्या जावया. आदी मधूच्या तेराव्याक, मगे फोटूक.” डबी कनवटीला लावून ती उठली आणि दारातून परत वळली. “आणि फोटूक हार घालूचो नाय. आताच सांगून ठेवतंय.”

तर मधू, माईंना पुन्हा निरोप धाडलाय, दोन पानं म्हणून. आक्का काय बोलेल तुझ्या माईंशी, मला माहीत नाही. माझ्याशी ती सकाळी बोलेल की नाही, हेही माहीत नाही. चाळीला मी परवा नळाच्या रांगेत सांगणार आहे, जिथून त्यांना नेलं तिथेच. तंगडं मोडायचं असेल तर माझं मोडा म्हणेन.

उद्या अकराच्या सुमाराला आम्ही तुमच्या गल्लीत येऊ. तू असशीलच कुठेतरी कोपऱ्यावर, सवयीने. एवढं कर, सूर्य पाठीशी घेऊन उभा राहू नकोस. आक्काला तुझं तोंड बघायचंय.